वीस वर्षांनी पुन्हा रायफल घेताना

कॉलेजात मी क्लबच्या फाइनवर्कबाऊ ३००एस या एअर रायफलवर नेमबाजी शिकले. दर शॉटला बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग ताणायची. शॉट सुटला की नळी रुळांवरून मागे सरकायची, खांद्याला धक्का जाणवायचा नाही. ती रायफल माझ्या हाताला अजून आठवते. तेव्हा स्पर्धेत मुलींना ४० शॉट असायचे; २०१८ पासून बायकांनाही पुरुषांइतकेच, ६०.

लेकीची दहावी झाली आणि मी नेरुळहून पनवेलच्या शूटिंग रेंजवर जायला लागले. आता सगळ्यांच्या रायफली हवेच्या सिलिंडरवर चालतात. सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरायचा, पुढे रेग्युलेटर प्रत्येक शॉटला सारखाच दाब देतो. दांडा ओढायचा नाही, त्यामुळे शॉटमागून शॉट पोझिशन मोडत नाही. हा बदल मला सगळ्यात मोठा वाटला.

पहिली चूक घाईची. एकांनी जुनी रायफल स्वस्तात देऊ केली, मी निम्मे पैसे देऊनही आले. घरी आणल्यावर सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहिली. या सिलिंडरना १० वर्षांची मुदत असते, ती दोन वर्षांपूर्वीच संपली होती. इतका दाब असलेली वस्तू गालाजवळ धरायची, तेव्हा यात तडजोड नाही. रायफल परत केली. पैसे मिळायला दीड महिना लागला आणि त्याचा मला खूप त्रास झाला. जुनी घेणाऱ्यांनी आधी ती तारीख वाचावी, मग बाकीचं बघावं.

नंतर मी कंपन्यांची तुलना करत बसले. वाल्थर एलजी ४०० की फाइनवर्कबाऊ ८००? रेंजवरचा प्रशिक्षक माझ्याहून बराच लहान. तो म्हणाला, "ताई, या दर्जाच्या सगळ्याच रायफली पेलेट, म्हणजे छर्रे, एकाच भोकात घालतात. तुमच्या अंगाला कुठली बसते ते बघा. डोळे मिटून पोझिशन घ्या, गाल टेकवा, मग उघडा."

डोळे उघडले तर नेम धरायच्या मागच्या साइटच्या भोकात नळीच्या टोकावरची पुढची रिंग नव्हतीच, मान वाकवून शोधावी लागत होती. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. मान ताणून साठ शॉट निघणार कसे? दोन शनिवार आम्ही तेच केलं. खांद्याला टेकणारी बट प्लेट खाली, गाल टेकवायचा चीक पीस थोडा वर, हाताची मूठ म्हणजे ग्रिप फिरवून. लाकडी स्टॉकमध्ये, म्हणजे रायफलच्या दस्त्यात, माझ्या आखूड हातांना पुरेसा वाव नव्हता, अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकमध्ये मिळाला. स्पर्धेत रायफलच्या वजनाची मर्यादा साडेपाच किलो आहे, पण मी कमरेचं दुखणं लक्षात घेऊन जादा वजनं लावलीच नाहीत. चाळिशी ओलांडल्यावर रिंग धूसर दिसते, म्हणून मागच्या साइटला लहानमोठं करता येणारं भोक बसवून घेतलं. ट्रिगर मात्र मुद्दाम जरा जड ठेवलाय. जुन्या सवयीचं बोट हलक्या ट्रिगरवर फसतं.

शेवटी एलजी ४०० घेतली. .१७७ इंच बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० जूलच्या आत शक्ती असल्यामुळे शस्त्र परवाना लागला नाही. सिलिंडर भरायला हातपंप घ्यायचा विचार सोडला, कारण आपल्याकडच्या पावसाळी हवेतली ओल सिलिंडरमध्ये जाते. रेंजवर कोरडी हवा भरून मिळते. स्टॉकच्या प्रत्येक खाचेवर पेन्सिलीने खुणा केल्यात. परवा चीक पीस दोन मिलिमीटर खाली घेतला.