झिरो फेस्टिवल: गाणं झकास, रस्ता महाभयंकर

अरुणाचल प्रदेशातल्या झिरोला संगीत महोत्सवासाठी जाऊन आलेला जो तो भातखाचरांचे आणि धुक्याचे फोटो टाकतो. इटानगरजवळचं नहरलगून स्टेशन ते झिरो या जेमतेम शंभर किलोमीटरबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. ‘चार तास धरा,’ असं आम्हाला भेटेल त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. लागले नऊ.

गुवाहाटीहून रात्रीची डोनी पोलो एक्स्प्रेस सकाळी नहरलगूनला सोडते, तिथवर सगळं सुरळीत. इनर लाइन परमिट (बाहेरच्यांना अरुणाचलात शिरायला लागणारा परवाना) घरूनच ऑनलाइन काढा आणि कागदावरच्या दोन प्रती जवळ ठेवा. खरा घोळ स्टेशनच्या बाहेर. ‘काउंटर बंद, सगळ्या सीटा गेल्या’ असं सांगत झिरोला जाणाऱ्या शेअर सुमोवाले बॅगेलाच हात घालतात. माणशी बाराशे मोजले. परतीला हापोलीच्या (झिरोच्या बाजारगावाच्या) काउंटरवर तेच तिकीट निम्म्याच्या आत मिळालं. तेव्हा बाहेर कुणी काहीही सांगो, काउंटर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जमलं तर आदल्या दिवशीच कुणाकडून तरी सीट धरून ठेवा, तीही पुढची किंवा मधल्या रांगेतली खिडकीची. मागे चौघं कोंबतात. उंच माणसाने तिथे बसूच नये.

आता वाटेतला होज ते पोटिन हा टप्पा. सप्टेंबर संपत आला तरी तिकडचा पाऊस हटलेला नसतो आणि डोंगर भुसभुशीत. आमच्यापुढे दरड आलेली. एक पोकलेन चिखल दरीत ढकलत होता आणि वरून तेवढाच पुन्हा खाली येत होता. दोन तास गाड्यांची रांग जागची हलली नाही. मग ड्रायव्हर उतरला, काठी खुपसून चिखल किती खोल आहे ते पाहिलं, तंबाखू मळली आणि एक अक्षर न बोलता गाडी आत घातली. मागचं चाक दरीच्या बाजूला सरकलं तेव्हा मधल्या रांगेतल्या काकू खिडकीबाहेर बघत शांतपणे संत्रं सोलत होत्या. आमची मात्र पाचावर धारण बसली होती. गाडी लागत असेल तर गोळी निघतानाच घ्या, कारण नंतर ती पोटात राहणार नाही. याझालीला गाडी जेवायला थांबते. तिथे भरपेट जेवा, पुढचं काही खरं नाही.

फेस्टिवल २०१२ पासून चालू आहे. सॉनिक यूथ या अमेरिकन रॉक बँडचे ली रनाल्डो आणि स्टीव्ह शेलीसुद्धा इथे वाजवून गेलेत. इथल्या आपातानी जमातीच्या लोकांनी बांबूचे दोन स्टेज उभारलेले असतात, दिवसाचं दान्यी आणि रात्रीचं पीलो. आम्ही गेलो पुण्याच्याच एका बँडसाठी. हो, ज्यांना घरून रिक्षाने जाऊन ऐकता येतं त्यांच्यासाठी! पण पुण्यात अर्धा हॉल बिअर आणि गप्पांत असतो. इथे घोटाभर चिखलात उभी असलेली माणसं कडव्यामागून कडवं म्हणत होती आणि गायकालाच पुढे गाता येईना. त्या तासाभरासाठी मी तो रस्ता पुन्हा करीन. (हे झोप झाल्यावर लिहितोय, तरीही.)

ट्रेकचे बूट नेऊ नका, फुकट वजन. हापोलीच्या बाजारात गमबूट घ्या. अंधार पाचच्या सुमाराला पडतो आणि थंडी लगेच अंगात शिरते, तेव्हा स्वेटर दुपारपासूनच पाठीवर हवा. हापोलीत स्वस्त खोली घेऊन रोज ये-जा करायचा बेत सोडा. रात्री मैदानाबाहेर रिक्षावाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात आणि आपण मुकाट्याने देतो. त्यापेक्षा मैदानाजवळचा तंबू परवडला, फक्त उताराच्या तळाशी असेल तर बदलून मागा, पाणी तिथेच साचतं.

बाकीचे दिवस मजेत गेले.

परतीला झिरोहून निघाल्या दिवशीची ट्रेन किंवा विमान अजिबात ठरवू नका. रात्र नहरलगूनला काढा. आमच्या सुमोतल्या दोघा मुलांचं होलोंगीहूनचं (इटानगरच्या विमानतळावरून) विमान चुकलं आणि दुसरं तिकीट फेस्टिवलच्या पासापेक्षा महाग पडलं. होजकडे दरड आल्याचं कानावर आलं तर किमीनमार्गे आसामातला लीलाबारी विमानतळ गाठा. अंतर थोडं वाढलं तरी चालेल.