कपडे बदलायची खोली ते मैदान

आयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, "खोली मैदानाला लागूनच आहे." खोली निघाली शेजारच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट फक्त सामानासाठी. आणि इमारतीच्या दारापासून मैदानाच्या फाटकापर्यंत सुट्या खडीचा उतार. साध्या कपड्यांत हे अंतर पाच मिनिटांचं आहे. विज्ञानकथेतल्या सैनिकांच्या पूर्ण प्लास्टिकच्या चिलखतात आम्हाला वीस मिनिटांहून जास्त लागली. मिरवणूक सुरू व्हायच्या आधीच मांड्या भरून आल्या होत्या आणि आतला काळा पोशाख घामाने पिळून काढण्यासारखा झाला होता.

मिरवणूक लांबलचक होती, ऊन होतं, गर्दी होती. तरी दुसऱ्या दिवशी अंग दुखत होतं ते त्या जिन्यामुळे. आम्ही विज्ञानकथांतल्या पात्रांचे पोशाख घालून ग्रंथालयं, विज्ञान प्रदर्शनं, मदतनिधीच्या धावण्याच्या शर्यती, रुग्णालयातले मुलांचे वॉर्ड अशा ठिकाणी विनामोबदला जातो. हे काम करणारे बहुतेक सगळे तयारी करतात ती कार्यक्रमाची. दमतात आणि पडतात ते मात्र कार्यक्रमाच्या जागेपर्यंत जाताना. याच तुकड्याबद्दल सविस्तर लिहिते आहे. पोशाख कसा बनवायचा ते इथे सापडणार नाही. तुमचं चिलखत तयार आहे, बूट पायात मुरलेले आहेत आणि तासभर न थांबता चालायची सवय आहे, असं धरून चालते.

आधी जिना. 'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या पांढऱ्या सैनिकी चिलखतात मांडीला एक नळकांडं, पोटरीला दुसरं. गुडघा पूर्ण वाकत नाही. वाकवला की पोटरीच्या तुकड्याची वरची कड गुडघ्यामागे घुसते आणि चामडीला चिमटा बसतो. हेल्मेटच्या काचेतून समोरचं बऱ्यापैकी दिसतं, स्वतःचे पाय अजिबात दिसत नाहीत. मान वाकवली तर हनुवटीचा भाग छातीच्या कवचावर आपटतो, म्हणजे वाकून बघायचीही सोय नाही. अशा अवस्थेत दोन मजले उतरायचे.

पहिल्या मजल्याच्या वळणावर माझ्या डाव्या मांडीचं टिचबटण सुटलं. मांडीचं कवच कमरेच्या पट्ट्याला इलॅस्टिकने टांगलेलं असतं आणि त्या इलॅस्टिकच्या टोकाला हे एवढंसं बटण. ते सुटल्याबरोबर अख्खं नळकांडं सरकून गुडघ्यावर बसलं. पाय ना पुढे जाईना, ना मागे. मागून आणखी तिघं उतरत होते आणि त्यांनाही खालचं काही दिसत नव्हतं. साध्या कपड्यांत आमच्या मदतीला असलेल्या सोबत्याने ओरडून रांग थांबवली, मला भिंतीला टेकवून उभं केलं, कवच वर ओढून धरलं आणि इलॅस्टिक पट्ट्याभोवती दोनदा गुंडाळून कापडी टेपने बांधून टाकलं. बटण लावायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, आणि तेच बरोबर होतं. घामेजल्या बोटांनी, अंधाऱ्या जिन्यात, हातमोजे घालून टिचबटण लागत नसतं. टेप दिवसभर टिकला.

यावरून जे ठरलं ते स्पष्ट सांगते. जिना असेल तर हेल्मेट काढूनच उतरायचं. मुलांसमोर हेल्मेट काढायचं नाही हा आपल्यातला चांगला नियम आहे आणि मी तो मानते. पण बंद जिन्यात मुलं नसतात, आणि तिथेही हेल्मेट न काढण्याचा हट्ट करणारा माणूस स्वतःबरोबर पुढच्यालाही पाडतो. उतरताना आडवं उभं राहून, एक हात कठड्यावर. सोबती दोन पायऱ्या खाली, आपल्याकडे तोंड करून, आणि शेवटची पायरी आली की मोठ्याने सांगणार. एका वेळी एकच जण जिन्यावर.

त्याहून चांगला उपाय आम्हाला परतताना सुचला: पायाचं चिलखत वर घालायचंच नाही. वरच्या खोलीत आतला पोशाख, छाती-पाठ आणि दंड एवढंच चढवायचं. मांड्या, पोटऱ्या आणि हेल्मेट पेटीतून खाली आणायचं आणि तळमजल्यावर जिन्याखाली किंवा चादरीच्या आडोशाला घालायचं. दहा मिनिटं जास्त जातात, गुडघे वाचतात. तळमजल्यावर दोन खुर्च्यांएवढी बंद जागा मिळत असेल तर वरची प्रशस्त, आरसेवाली खोली नाकारा.

खडीच्या उताराचं दुखणं वेगळं. चिलखताखालच्या बुटांचा तळ बहुतेकदा सपाट आणि गुळगुळीत असतो, कारण पडद्यावर ते तसे दिसतात. खडीवर आणि पॉलिश केलेल्या फरशीवर ते सारखेच घसरतात. तळाला पातळ खरखरीत रबर चिकटवून घ्या. वरून काही दिसत नाही आणि पोशाखाच्या अचूकपणाला धक्का लागत नाही.

तिथेच गर्दीनेही गाठलं. मैदानात दोर होते, स्वयंसेवक होते. उतारावर कोणीच नव्हतं, आणि लोकांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला. फोटोसाठी समोरून माणसं आली ती दिसली. कमरेखालच्या उंचीची मुलं दिसली नाहीत. एक लहान मुलगी माझ्या मांडीला मागून मिठी मारून उभी होती, आणि मला ते कळलं सोबत्याने खांद्यावर हात ठेवून "हलू नकोस" म्हटल्यावर. हेल्मेटात पंखे चालू असतात, फोमचं अस्तर असतं, त्यामुळे कानही निम्मेच चालतात. मी एक पाऊल मागे टाकलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून रात्री झोप लागली नाही.

म्हणून माझा आता पक्का नियम आहे: साध्या कपड्यांतला सोबती नसेल तर मी खोलीबाहेर पाऊल टाकत नाही. दोन चिलखतधाऱ्यांमागे एक सोबती हे माझ्या मते कमीत कमी. सोबती म्हणजे पर्स आणि मोबाइल सांभाळणारा मित्र नव्हे. त्याचं लक्ष सतत खाली आणि मागे हवं. त्याच्या कमरपिशवीत कापडी टेप, कात्री, प्लास्टिकच्या टाय, झटपट चिकटणारा गोंद, हेल्मेटच्या पंख्यांच्या बॅटऱ्या आणि नळी लावलेली पाण्याची बाटली असावी. नळी अशासाठी की हेल्मेट थोडंसं उचलून, पूर्ण न काढता, पाणी पिता येतं.

आयोजकांना काय विचारायचं? "जागा आहे का" हे नाही. त्याला सगळे हो म्हणतात. खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आपल्याला वापरता येईल का, दरवाजाची रुंदी किती (खांद्यांचे रुंद तुकडे आणि पंखवाले पोशाख यांना ही अडचण नेहमीची), खोलीपासून जागेपर्यंत जमीन कशी आहे, त्या वाटेवर लोक असतील का. उत्तरं लेखी मागा. आणि लेखी उत्तरांवरही विसंबू नका. त्या दिवशी तासभर आधी पोहोचा आणि कार्यक्रमाचे बूट घालून, बाकी साध्या कपड्यांत, ती वाट चालून बघा. पायऱ्या मोजा. कठडा कोणत्या हाताला आहे ते बघा.

हे सांगितलं की एकजण तरी म्हणतोच, "१ जानेवारी २००७ ला अमेरिकेतल्या पासाडेनाच्या रोझ परेडमध्ये ५०१ व्या लीजनचे सुमारे २०० जण साडेपाच मैल चालले, आणि तुमचं जिन्यावरून एवढं काय?" ही लीजन म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या सैनिकांचे आणि खलपात्रांचे पोशाख घालणाऱ्या चाहत्यांचा जगभरचा गट. ती परेड मला माहीत आहे आणि त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. साडेपाच मैल म्हणजे जवळजवळ ९ किलोमीटर. पण ती डांबरी, वाहतुकीला बंद केलेल्या रस्त्यावर होती, जानेवारीतल्या सकाळी होती, प्रेक्षक कडेला बसलेले होते आणि वाटेत जिना नव्हता. सरळ चालायला चिलखत फारसं आड येत नाही. वाकायला, चढायला, उतरायला येतं.

उन्हाबद्दल थोडक्यात, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. अंगभर प्लास्टिक आणि त्याखाली घट्ट पोशाख असला की घाम सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. उन्हात अर्धा तास बाहेर, मग सावलीत हेल्मेट काढून पंधरा मिनिटं, हे प्रमाण आम्ही धरतो. दमट हवेत बाहेरची वेळ आणखी कमी करा. नुसतं पाणी पुरत नाही, क्षारांचं द्रावणही घ्या. डोकं हलकं वाटलं, मळमळलं, पायात गोळे आले की सोबत्याला ठरलेली खूण करायची आणि बाहेर पडायचं, मिरवणूक कुठेही असो. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर चिलखत सोडवत बसू नका. पट्टे कापा, थंड पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरांना बोलवा. आमच्या मिरवणुकीत सावलीची जागा म्हणून दाखवलेला तंबू निघायच्या ठिकाणी होता, वाटेत एकही नाही. भर उन्हातल्या लांब मिरवणुकीला पूर्ण चिलखत घालून जाऊ नका, एवढंच मी सांगेन. कापडी पोशाखवाल्यांना पुढे करा. आपल्यातले काही जण कापडी पोशाखाला कमी लेखतात, ते मला पटत नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या वर्ल्डकॉनला, म्हणजे विज्ञानकथांच्या जागतिक संमेलनाला, फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन चाहते भविष्यकाळातले पोशाख घालून गेले होते. ते डग्लस यांनी स्वतः शिवलेले होते. ही परंपरा सुरू झाली ती सुईदोऱ्याने.

आता पैशांचं. मैदानावर एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, "पावती तुम्हाला दाखवायची का?" तेव्हा कळलं की फाटकाजवळ टेबल मांडून आमच्याबरोबरच्या फोटोचे पैसे घेतले जात होते. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, कोणत्या कामासाठी ते कोणी सांगितलं नाही. आम्ही मानधन घेत नाही. ५०१ वी लीजन १९९७ मध्ये सुरू झाल्यापासून तिच्या धर्तीवर चालणाऱ्या गटांत हेच धरलं जातं: हजेरीचे पैसे नाहीत, कोणाला द्यायचेच असतील तर एखाद्या सेवाभावी संस्थेला द्यावेत. पात्रांचे हक्क दुसऱ्यांचे असतात. आपण ती वापरू शकतो ती या कामात नफा नाही म्हणून. आम्ही दोरीच्या आतून बाहेर आलो, टेबलापासून लांब जाऊन उभे राहिलो आणि जो येईल त्याच्याबरोबर फुकट फोटो काढले. थोड्याच वेळात टेबल उठलं. दिवसभराचा थकवा त्या क्षणी गेला होता, हे खरं आहे. पुढच्यांनी मात्र हे आधीच कागदावर घ्यावं: फोटोला पैसे नाहीत, आणि निधी जमवायचा असेल तर संस्थेचं नाव लिहिलेली पेटी उघड्यावर, ऐच्छिक.

ग्रंथालयाचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. तळमजला, पंखे, शिस्तीतली रांग. उत्तम. बोलावलं तर जा.

त्यानंतर रुग्णालयातला मुलांचा वॉर्ड. तिथे कपडे बदलायची खोली त्याच मजल्यावर दिली होती आणि एक परिचारिका आम्हाला दारापर्यंत न्यायला आली. शस्त्रं पेटीतच ठेवली, खेळण्यातली असली तरी. पोशाख, विशेषतः हातमोजे आणि हेल्मेट, आदल्या रात्री जंतुनाशकाने पुसलेले होते. सर्दी-खोकला असलेला आमच्यातला एकजण घरीच राहिला. फोटो पालकांनी सांगितल्याशिवाय काढायचा नाही, आणि आपल्या मोबाइलवर तर नाहीच. मूल घाबरलं तर पुढे जायचं नाही. चिलखतात खाली बसता येत नाही, म्हणून कॉटपासून लांब, थोडं तिरकं उभं राहून हात हलवायचा आणि वाट बघायची. एका मुलाने बराच वेळ उशीमागून पाहिलं आणि मग बोट पुढे करून माझ्या हातमोज्याच्या पाठीवरचा पांढरा तुकडा टकटक वाजवला. तेवढंच. पण आम्ही सगळे ज्यासाठी येतो ते हेच. लीजनचे संस्थापक अल्बिन जॉन्सन यांच्या आजारी मुलीसाठी चाहत्यांनी गुलाबी रोबो बनवला, आर२-केटी नावाचा. तिच्या जाण्यानंतरही तो मुलांना भेटायला नेला जातो. अशा वॉर्डात उभं राहिल्यावर त्याचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मिरवणुकीचं बोलावणं नाकारलं तरी चालेल, वॉर्डाचं नाकारू नका. दोन्ही एकाच आठवड्यात आली तर मिरवणूक सोडा, कारण जिन्यावर दमलेला माणूस वॉर्डात तासभर ताठ उभा राहू शकत नाही.

परतल्यावर चिलखत उन्हात बंद गाडीत ठेवू नका. पातळ कडा वाकतात आणि फोमच्या पोशाखाचे सांधे सुटतात. आतला पोशाख त्याच रात्री धुवा, हेल्मेटचं अस्तर काढून वाळवा, आणि सुटलेली टिचबटणं तेव्हाच बदला. पोटरीचं वेल्क्रो घामाने सैल होतं, ते ओढून बघा आणि शंका असेल तर पट्टी नवीन लावा. मांडीच्या इलॅस्टिकला मी आता बटणाऐवजी अडकवायची प्लास्टिकची चाप लावली आहे. हातमोजे घालूनही ती एका हाताने लागते.