माझा अनुभव: लेकीचा काळा-पांढरा फोटो आणि तो ‘उजळ’ करणारा स्टुडिओ

आधीच सांगते, फोटो काढणं सोपं गेलं. पावणेदोन वर्षांच्या पोरीला एका जागी बसवणं सोडलं तर त्यात अवघड असं काही नव्हतं. घोडं अडलं ते प्रिंटपाशी, आणि ते आठवलं की अजून डोकं तापतं. खेड्यात राहून घरच्या घरी लेकराचे काळे-पांढरे फोटो काढायचे असतील तर हे वाचून ठेवा, निदान तुमचा तरी त्रास वाचेल.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडचं. घर जुनं, वर कवेलू, भिंतींना निळ घातलेला चुना. या निळ्या भिंतींपायीच मी काळ्या-पांढऱ्याकडे वळले. दारातून आलेला उजेड भिंतीवर आपटून पोरीच्या तोंडावर पडतो तो भिंतीचा रंग घेऊनच, आणि वरून खोलीतला बल्ब पिवळा. रंगीत फोटोत चिमीचा एक गाल निळसर, दुसरा हळद लावल्यासारखा. रंगच काढून टाकले की ही भानगड मिटते. उजेड कोणत्या रंगाचा आहे याला मग महत्त्व राहत नाही, तो कुठून येतो एवढंच बघायचं.

सासूबाईंना ते पटेना. “काऊन वो, जित्या लेकराचा असा फोटो काढते का कोनी? हार घालाचा फोटो हाये का तो?” त्यांचंही चूक नाही, आमच्या भिंतीवरचे बहुतेक काळे-पांढरे फोटो गेलेल्या माणसांचेच आहेत. मग मी त्यांचाच लग्नानंतरचा जोडीनं काढलेला फोटो दाखवला. तो कसा आहे, विचारलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण फोटोच्या दिवशी चिमीच्या गालावर तीट मात्र नेहमीपेक्षा मोठी लावली. ही तीट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच सगळं रामायण आहे.

दिवस थंडीचे होते. भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेला कापूस पुढच्या खोलीत छातीएवढा भरलेला. शहरात लोक उजेड परतवायला पांढरे रिफ्लेक्टर विकत घेतात, आमच्याकडे ते अर्धी खोली होते. दाराच्या आत हातभर अंतरावर पोरीला बसवलं, तोंड तिरकं दाराकडे, दुसऱ्या अंगाला कापूस. दाराकडचा गाल उजेडात, कापसाकडचा थोडा मंद, पण काळाठिक्कर नाही. ऊन थेट आत येत नाही अशी वेळ निवडायची. आमचं दार पूर्वेला, म्हणून आम्ही दुपार टळल्यावर बसलो. कापसावर मात्र लेकराला बसवू नका. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, आणि सरकी तोंडात घालायला पोरं टपलेलीच असतात.

कॅमेरा माझ्या भावाचा जुना, लग्नाच्या ऑर्डरी घेऊन झिजलेला, त्याला 50 मिमीची साधी लेन्स. शटर म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, तो 1/250 सेकंदापेक्षा लांबू दिला नाही, कारण लेकरू बसलं असं वाटतं तेव्हाही त्याचं काहीतरी हलतच असतं. ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ 2.8, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 1600. एरवी आयएसओ इतकं चढवलं की सावलीत रंगीत ठिपके येतात. काळ्या-पांढऱ्यात त्यांचा रंग जातो आणि नुसते बारीक दाणे उरतात, ते डोळ्याला खुपत नाहीत. मी जमिनीवर पालथी पडून काढले. उभ्यानं काढले की पोराचं डोकं मोठं आणि पाय नाहीसे होतात.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र काळं-पांढरं दिसेल असं सेटिंग ठेवा, पण फाईल ‘रॉ’मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेलं जसंच्या तसं ठेवणाऱ्या प्रकारात घ्या. रॉमध्ये रंग शाबूत राहतात आणि नंतर कामाला येतात. कातडीचा रंग नारिंगीकडे झुकणारा, भिंत निळी. कॉम्प्युटरवर काळं-पांढरं करताना एकेक रंग उजळ किंवा गडद करायची पट्टी असते, त्यातली फक्त निळ्याची खाली ओढली, तर भिंत पार काळोखात गेली आणि चिमी होती तशीच राहिली. मागे काळं घोंगडं टांगायचा बेत होता, त्याची गरज उरली नाही. नारिंगी आणि लाल पट्टीला मी मुद्दाम हात लावला नाही. त्या वर ओढल्या की माणूस गोरा होतो. माझी पोरगी सावळी आहे आणि फोटोतही मला ती सावळीच हवी होती.

हाती एक फोटो असा लागला की मी स्वतःवरच खूश झाले. मुरमुऱ्याची वाटी मांडीत, आजीनं मागून ताट वाजवलं म्हणून मान वर, डोळ्यात दाराचा चौकोन चमकतोय, गालावर ठसठशीत तीट. 8 बाय 12 इंची प्रिंट करायची ठरवली आणि पेन ड्राइव्ह घेऊन तालुक्याला गेले.

स्टुडिओचं नाव लिहीत नाही. भाऊ वागायला चांगला आहे, आमच्या अर्ध्या गावाचे पासपोर्ट फोटो त्याच्याकडचेच. मोठी प्रिंट तो शहरातल्या लॅबमधून मागवतो. “ठेवून जा ताई, एकदम मस्त करून देतो,” म्हणाला. हे ‘मस्त करून देतो’ ऐकलं की तिथेच थांबा. मस्त म्हणजे काय करणार, ते एकेक करून विचारा.

प्रिंट आली. पाकिटातून काढली तर पोरगी कोणाची, हेच कळेना. तोंड पिठासारखं पांढरं, गाल गुळगुळीत, नाकाची कड विरघळलेली आणि तीट गायब. डाग समजून त्यानं ती पुसून टाकली होती. कपाळावर खाटेच्या पायाचा ओरखडा होता, तोही गेला. मी विचारलं, “भाऊ, हे काय?” तर तो म्हणाला, “पोरगी जास्तच सावळी येऊन रायली होती ताई, मी उजळ करून देल्ली. त्याचे पैसे नाही लावले.” फुकटात केलं, हे वर उपकार!

बरं, काळा तरी काळा असावा, तोही नाही. दुकानातल्या एलईडीखाली प्रिंट जरा बरी वाटत होती, दाराशी उन्हात नेली तर सगळी शेवाळल्यासारखी हिरवी. लॅबमध्ये छापतात तो कागद रंगीत फोटोंचा असतो. त्याच्यात निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगांचे थर असतात, आणि करडा रंग त्या तिघांच्या मिश्रणातून उभा करायचा असतो. तोल किंचित ढळला तरी लग्नाच्या शालूत कोणाला कळत नाही. पण ज्या फोटोत करड्याशिवाय काहीच नाही, तो अख्खा एकाच रंगाकडे कलंडतो. शिवाय मशीनला आपोआप दुरुस्ती करायची खोड असते. त्याला अंधार दिसला की ते उजेड वाढवतं. माझी काळी भिंत म्हणूनच राखाडी झाली होती.

घरी आणली तेव्हा सासूबाई फोटोपेक्षा तीटच शोधत होत्या. “तीट कोनं पुसली? नजर लागन ना पोट्टीले!” त्या दिवसापासून या भांडणात त्या माझ्या बाजूनं आल्या.

परत गेले. ‘हिरवा काढा, बाकी कशाला हात लावू नका’ असं सांगितलं. या वेळी हिरवा गेला आणि जांभळट आला. तोंड तसंच गोरं, कारण त्यानं आधीचीच ‘क्लीन’ केलेली फाईल पुन्हा पाठवली होती. मूळ फाईल सापडत नाही म्हणे. पुन्हा दिली. मग फोटो 8 बाय 10 वर छापून आला, कारण तेवढी फ्रेम तयार होती. माझ्या भावाच्या कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन अशा मापाचा असतो. 8 बाय 12 मध्ये तो पूर्ण मावतो, 8 बाय 10 मध्ये दोन इंच कापावेच लागतात. पोरीच्या मांडीतली वाटी गेली. मधे लग्नसराई होती, त्याला माझ्या एका फोटोसाठी वेळ नव्हता, आणि दर वेळी तेच ऐकायचं, “लॅबवाल्यानं केलं ताई, माह्या हातात नाही.” लॅबचा नंबर मागितला तर तो काही देईना.

शेवटी सासूबाईंच्या लग्नाचा तो फोटो भिंतीवरून उतरवला, पिशवीत घातला आणि काउंटरवर ठेवला. म्हटलं, असा काळा हवा. तो बघतच राहिला. त्या जुन्या कागदात काळेपणा चांदीच्या बारीक कणांचा असतो, तिथे रंगांचा तोल साधायची भानगडच नसते. रंगीत कागदावर हुबेहूब तसं येणार नाही हे मलाही ठाऊक होतं, पण त्याला निदान दिसायला तर पाहिजे की मी काय मागतेय. मान्य केलं त्यानं, “हाव, आपला हिरवा मारून रायला.” छापून मात्र तरी तसाच आला असता, कारण लॅबमधल्या माणसानं कुठे तो फोटो बघितला होता?

मग आमचे हे कामासाठी नागपूरला निघाले तेव्हा मीही गाडीत बसले. तिथल्या एका लॅबमध्ये मशीनवर बसलेल्या पोराला म्हटलं, “कलर करेक्शन बंद, डेन्सिटी करेक्शन बंद, तोंडाला हात लावायचा नाही.” म्हणजे मशीननं आपणहून रंग आणि गडदपणा बदलायचा नाही. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. आधी 4 बाय 6 ची छोटी प्रिंट काढली, मी ती दाराशी नेऊन उन्हात पाहिली, किंचित हिरवी वाटली ती सांगितली, त्यानं हिरवा मारायला किरमिजी एक पायरी वाढवली आणि मोठी छापली. चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काम झालं. त्यानं जास्तच चीड आली. एवढंसं काम होतं तर माझा सगळा हिवाळा कशात गेला?

तीट जागेवर होती. ओरखडाही. सासूबाई म्हणाल्या, “हं, आता आपली हाये.”

राहिलेलं, आठवेल तसं. मोठ्या प्रिंटच्या आधी छोटी काढून घ्याच, आणि ती दुकानाच्या बाहेर उजेडात बघा. 8 बाय 12 ला 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) 2400 बाय 3600 पिक्सेल लागतात. फाईल व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवली तर ती फार लहान होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्ह द्या. फाईल काळी-पांढरी असली तरी आरजीबीमध्येच (रंगीत फाईलच्या प्रकारात), एसआरजीबी प्रोफाईलनं सेव्ह करा, बऱ्याच लॅब ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या करड्या रंगाची फाईल घेत नाहीत. फोटोच्या दिवशी लेकराला तेल लावून बसवू नका, कपाळ आरशासारखं चमकतं. मोठ्या फुलांचा फ्रॉक नको, साधा घाला. लाल आणि हिरवा एकमेकांना उठाव देतील असं रंगीत डोळ्यांना वाटतं, काळ्या-पांढऱ्यात दोन्ही बहुधा सारखेच राखाडी दिसतात. मोबाईलवर काढत असाल तर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेडाची खूण थोडी खाली ओढा आणि ब्यूटी मोड बंद करा, नाहीतर स्टुडिओवाल्याचं काम फोनच करून मोकळा होतो. फ्रेम करताना काच फोटोला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा. आमच्याकडे पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि काचेला चिकटलेला फोटो सोडवताना फाटतो.

आणि काम झाल्यावर स्टुडिओच्या कॉम्प्युटरवरून आपल्या लेकराची फाईल समोर उभं राहून पुसायला लावा. माझ्या चिमीचा तो पिठाळ फोटो त्या भाऊनं काउंटरच्या काचेखाली नमुना म्हणून लावला होता. मला तो दिसला पासपोर्ट फोटोला गेले तेव्हा. तिथल्या तिथे काढायला लावला.