बँकॉकचा बर्फ आणि आईचा नियम

एप्रिलमध्ये आईला घेऊन बँकॉकला गेले, तेव्हा पहिल्याच दुपारी रस्त्याकडेच्या गाडीवरचा लिंबाच्या सरबताचा पेला पुढे आला आणि त्यातला बर्फ पाहून आईने हात मागे घेतला. बाहेरचा बर्फ पोटात जाऊ द्यायचा नाही, हा आमच्या घरचा जुना नियम आहे आणि तो उगाच नाही. मासळीसाठीचा बर्फ सरबतात जाऊ नये म्हणूनच महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला २०१८ मध्ये अखाद्य बर्फात निळा रंग घालणे बंधनकारक करावे लागले.

या पेल्यातला बर्फ मात्र निराळा होता. मधोमध आरपार भोक असलेले ते गोल तुकडे कारखान्यात तयार होतात. उभ्या नळ्यांच्या आतून पाणी खाली वाहत राहते आणि नळ्यांना बाहेरून गारवा दिला जातो, त्यामुळे बर्फ कडेपासून आत धरत जातो आणि मधली पोकळी शिल्लक राहते; मग नळ्या किंचित तापवून कांड्या सोडवतात व कापतात. पेयांसाठीचा असा बर्फ तिथे साधारणपणे शुद्ध केलेल्या पाण्याचा असतो, त्यामुळे भोक दिसले की मला बराच धीर येतो.

पण ते भोक बर्फ कुठे जन्मला एवढेच सांगते, पुढे त्याचे काय झाले ते सांगत नाही. गोठवल्याने जंतू मरतात हा समज चुकीचा आहे. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस किंवा कावीळ घडवणारा हेपॅटायटिस ए यांसारखे विषाणू बर्फात टिकून राहतात, आणि पेल्यात मद्य असले तरी त्याने बर्फ निर्जंतुक होत नाही. म्हणून मी आधी विक्रेत्याची बर्फाची पेटी पाहते. बर्फ डावाने काढला जातो की हाताने, त्याच पेटीत बाटल्या किंवा मासळी खुपसली आहे का, हे दोन क्षणांत कळते. लादी फोडून केलेला चुरा मी कुठेच घेत नाही.

नळाच्या पाण्याचेही असेच आहे. बँकॉकला चाओ फ्राया आणि मे क्लाँग या नद्यांचे पाणी शुद्ध करून पुरवले जाते, परंतु ते पेल्यात येण्याआधी जुन्या नळांतून आणि इमारतीच्या टाकीतून येते. टाकी कधी धुतली हे पाहुण्याला कसे कळणार? आपल्या सोसायट्यांत तरी कुठे कळते! आई सत्तरीची असल्याने दात घासायलाही आम्ही सीलबंद बाटलीचेच पाणी वापरले, सोबत ओआरएसची पाकिटे ठेवली आणि खोलीतल्या किटलीत पाणी खळखळून उकळून घेतले.

थाई भाषेत बर्फाला ‘नाम खेंग’, म्हणजे शब्दशः ‘कठीण पाणी’ म्हणतात. ‘माय साय नाम खेंग’, बर्फ घालू नका, हे वाक्य आईने पाठ केले आणि मासळीबाजाराजवळच्या गाडीवर ते ठणकावून म्हटलेही. दुसऱ्या दिवशी मात्र स्वच्छ पेटी आणि लांब दांड्याचा डाव पाहून तिने स्वतःहून पेला पुढे केला.