ओळंबा

रोमरबर्गला माझ्या हाती ३५ मिनिटं असतात. साडेचार तास बस चालवली की ड्रायव्हरने ४५ मिनिटं थांबायचंच, हा युरोपातला कायदा. त्यातली दहा नदीकाठच्या बसपासून चौकापर्यंत चालण्यात आणि "ताई, टॉयलेट कुठंय?"मध्ये जातात. उरलेल्यात फ्रँकफर्टचा हा जुना चौक उरकायचा. १४०५पासून नगरपालिकेची असलेली रोमर इमारत, कारंज्यावरची डोळ्यांना पट्टी नसलेली न्यायदेवता आणि समोरची लाकडी चौकटींची देखणी घरं. आमच्या छापील माहितीत त्या घरांपुढे 'शेकडो वर्षं जुनी' असं आहे. सात वर्षं मी तेच म्हणत आले.

यंदाच्या मेमध्ये ग्रुपात नाशिकचे एक काका होते. आयुष्यभर वाड्यांची लाकडी कामं केलेले मिस्त्री. सगळे सेल्फीत गुंतलेले, हे मात्र मान वर करून उभे.

"किती वर्षांची म्हणालात?"

"पाचशेच्या आसपास, काका."

"नसावीत. जुनं घर कुठंतरी बसतं. तुळईला बाक येतो, खांब कलतो. इथं ओळंबा सोडला तर सूतभर फरक निघायचा नाही."

खरं सांगायचं तर मला माहीत होतं. दुसऱ्याच वर्षी तिथल्या एका गाइडने सांगितलं होतं, की मार्च १९४४च्या बॉम्बहल्ल्यांत जुनं शहर जळालं आणि ही रांग १९८१ ते ८४मध्ये पुन्हा उभारली. पण 'जुनं' म्हटलं की लोक खूश होतात, म्हणून मी गप्प राहिले होते. त्या दिवशी हेडसेटवर सगळ्यांना सांगून टाकलं.

"म्हणजे डुप्लिकेट!" एक निवृत्त साहेब उखडले. आदल्याच दिवशी घेतलेल्या कुकू घड्याळाच्या पोटात बॅटरी होती, ते त्यांना चाललं होतं.

काकांचा प्रश्न वेगळाच. "ऐंशी-एक्याऐंशी साली यांच्याकडे असं काम येणारे सुतार शिल्लक होते?"

मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांना नदीच्या बाजूला हाउस वेर्टहाइमकडे नेलं. साधारण १६००चं घर. हल्ल्याच्या रात्री लोकांना नदीकडे पळायची वाट राहावी म्हणून अग्निशमन दलाने इथं पाण्याचा पडदा धरला होता, त्यात हे वाचलं. काकांनी हेडसेटची वायर चिमटीत धरली, खाली लोंबत्या डबीचाच ओळंबा केला आणि एक डोळा मिटला. बराच वेळ. मग नुसतं "हं" म्हणाले.

बसमध्ये डोकी मोजली तर दोन कमी. काका आणि मी. ड्रायव्हर हेडलबर्गपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

फीडबॅक फॉर्मवर तिघांनी 'फ्रँकफर्टची घरं खोटी' असं लिहिलं. काकांनी लिहिलं, 'भात कमी पडतो.' ऑफिसातून फोन आला, "सांगायची काय गरज होती?" पुढची बॅच सप्टेंबरात आहे. छापील माहिती अजून तीच आहे.