घरात आलेले फायबर आणि संगणकावरची मालकी

मायक्रोसॉफ्टचे वर्चस्व कशावर उभे होते, असे विचारले तर बहुतेक जण विंडोजचे, ऑफिसचे किंवा त्या कंपनीच्या व्यापारी डावपेचांचे नाव घेतात. त्यात तथ्य आहेच. परंतु त्याहून मूलभूत कारण घरात येणाऱ्या टेलिफोनच्या तारेत होते, असे माझे मत आहे. ५६ केबीपीएस (सेकंदाला ५६ हजार बिट) वेगाच्या मोडेमवरून ६५० एमबीची एक सीडी उतरवायची म्हटली, तर सगळे सुरळीत चालूनही सुमारे २६ तास लागत. भारताच्या २००४ सालच्या धोरणाने ज्या किमान वेगाला ब्रॉडबँड म्हटले, त्या २५६ केबीपीएसवर हेच काम साडेपाच तासांचे होते. आज शहरातल्या अनेक घरांत असलेल्या १०० एमबीपीएसच्या जोडणीवर ते मिनिटाच्या आत होते. पहिल्या दोन परिस्थितींत सॉफ्टवेअर घरच्या संगणकात बसवण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ते ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर (विंडोजसारख्या, संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीवर) बसणार ती ज्याच्या मालकीची, त्याच्याच अटी सगळ्यांना मान्य कराव्या लागत.

हे खुद्द मायक्रोसॉफ्टला नीट उमगलेले होते. मे १९९५ मध्ये बिल गेट्स यांनी आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना पाठवलेल्या टिपणात इंटरनेटला सर्वोच्च महत्त्व देण्याचे बजावले होते आणि ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप या नव्या प्रतिस्पर्ध्याची दखलही घेतली होती. प्रोग्राम चालवण्याची जागा ब्राउझरच झाला, तर त्याच्याखाली कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे याची फिकीर कोणी कशाला करील, ही ती भीती होती. अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीबद्दल १९९८ मध्ये भरलेल्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये जे निष्कर्ष नोंदवले, त्यांचाही रोख इकडेच होता. बहुसंख्य प्रोग्राम विंडोजसाठी लिहिले जातात म्हणून लोक विंडोज घेतात, आणि लोक विंडोज घेतात म्हणून प्रोग्राम विंडोजसाठीच लिहिले जातात. हे चक्र मोडू शकतील अशा नेटस्केप आणि जावा (कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतील असे प्रोग्राम लिहिण्याची भाषा) या दोघांची वाट मायक्रोसॉफ्टने अडवली, असे त्यांनी म्हटले.

त्याच सुमारास ओरॅकलचे लॅरी एलिसन ‘नेटवर्क कॉम्प्युटर’चा आग्रह धरत होते आणि सन या संगणक कंपनीने १९९६ मध्ये जावास्टेशन नावाचे यंत्र आणले. स्वतःची हार्ड डिस्क नसलेला, सगळे काही नेटवर्कवरून घेणारा स्वस्त संगणक अशी ती कल्पना होती. त्या यंत्रांचा फज्जा उडाला आणि पुढे अनेकांनी त्या कल्पनेचीच थट्टा केली. मला ती थट्टा अन्यायकारक वाटते, कारण जे मोडले ते यंत्र नव्हते, तर त्याच्यापर्यंत पोहोचणारी वाट अरुंद होती.

वाट रुंद होताच काय घडले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आले, त्यानंतर वर्षभराच्या आत गूगल मॅप्स, आणि २००६ मध्ये ब्राउझरमध्येच दस्तऐवज लिहिण्याची सोय. पान पुन्हा न उतरवता सर्व्हरशी बोलण्याचे जे तंत्र या सगळ्याच्या मुळाशी आहे, ते मायक्रोसॉफ्टच्याच आउटलुकची वेब आवृत्ती करणाऱ्या चमूने घडवले होते आणि १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर लोकांच्या हाती दिले होते. खटल्याने जे साधले नाही ते वेगवान जोडणीने आणि या तंत्राने मिळून साधले. अडोबीसारखी मातब्बर कंपनी २०२२ मध्ये ब्राउझरात चालणाऱ्या फिग्मा या डिझाइनच्या साधनासाठी २,००० कोटी डॉलर मोजायला तयार झाली होती; युरोप आणि ब्रिटनमधल्या नियामकांच्या हरकतींमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तो व्यवहार सोडून द्यावा लागला.

पण माझ्या दृष्टीने खरा टप्पा याहून वेगळा आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत सापडते. गूगलने २०१२ मध्ये तिथल्या घरांना दोन्ही दिशांनी १ जीबीपीएस वेग देणारी फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूची, जोडणी महिना ७० डॉलरला देऊ केली. त्या काळच्या सर्वसाधारण संगणकातली फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी माहिती वाचत असे, म्हणजे (एका बाइटचे आठ बिट धरून) सुमारे ८०० एमबीपीएस. याचा अर्थ असा की भिंतीतून येणारी तार संगणकाच्या पोटातल्या डिस्कइतकीच वेगवान झाली. मग ‘माझा संगणक’ नेमका कुठे संपतो, हा प्रश्न तात्त्विक न राहता व्यावहारिक होतो. गूगलने त्या जोडणीसोबत १ टीबी गूगल ड्राइव्ह, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवरची साठवणुकीची जागा, दिले होते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तार विकणाऱ्यानेच त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेली डिस्कही दिली होती.

वेगाबरोबर विलंबाचाही विचार करावा लागतो, आणि तो भूगोलावर अवलंबून असतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुण्यातल्या घरातून नवी मुंबईतल्या डेटा सेंटरपर्यंतची (जिथे सर्व्हर ठेवलेले असतात तिथपर्यंतची) वाट दीडशे किलोमीटर धरली, तर जाऊन येण्यास दीड मिलिसेकंद पुरे. मधली यंत्रे धरूनही हा आकडा फार वाढत नाही. जुन्या हार्ड डिस्कचा हात योग्य जागी पोहोचण्यास १० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागत असे. म्हणजे नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातला सर्व्हर पुणेकराला त्याच्या स्वतःच्या जुन्या डिस्कइतक्याच, किंबहुना अधिक तत्परतेने उत्तर देऊ शकतो. हाच सर्व्हर अमेरिकेत असता तर प्रकाशाच्या वेगाची मर्यादाच आडवी आली असती आणि माउस हलवल्यावर पडद्यावरचा बाण रेंगाळताना दिसला असता. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि मुंबईत, अमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली क्लाउड केंद्रे (संगणक भाड्याने देणारी डेटा सेंटर्स) सुरू केली, ती या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत. अख्खा संगणक डेटा सेंटरमध्ये चालवावा आणि घरात फक्त पडदा, कीबोर्ड व माउस ठेवावा, हे एलिसन यांचे स्वप्न आता महाराष्ट्रातल्या फायबर असलेल्या घरात तांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे शक्य आहे.

ते नुसते शक्य नाही, विक्रीलाही आले आहे. जिओने २०२५ मध्ये आणलेल्या जिओपीसीत टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सला कीबोर्ड आणि माउस जोडला की संगणक मिळतो, जो प्रत्यक्षात कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये चालतो. त्यात विंडोज नाही, लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम आहे. सोबत ऑफिसला पर्याय असलेले मुक्त लिब्रेऑफिस येते. तीन दशके ज्याच्या घराघरांत पोहोचण्याची आम्ही वाट पाहिली, ते डेस्कटॉप लिनक्स अशा मार्गाने दिवाणखान्यात येते आहे. मी लिनक्सचा जुना पाठीराखा आहे, आणि तरीही याने मला निर्भेळ आनंद होत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचा जीपीएल परवाना प्रोग्रामची प्रत दुसऱ्याच्या हाती देताना लागू होतो. प्रोग्राम सर्व्हरवरच राहिला आणि वापरणाऱ्याला फक्त त्याचे चित्र मिळाले, तर परवान्याने दिलेले बदल करण्याचे स्वातंत्र्य त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ही फट बुजवण्यासाठीच २००७ मध्ये आफेरो जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, पण लिनक्स किंवा लिब्रेऑफिस त्या परवान्याखाली नाहीत.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या बदलाचा लाभही स्पष्ट दिसतो, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडची छपाई वर्षानुवर्षे विंडोज, पानांची मांडणी करणारे पेजमेकर आणि युनिकोड (सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरांची समान संकेतपद्धती) नसलेले फॉन्ट या तिहेरी गाठीत अडकली होती. तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत, आणि म्हणून कितीतरी छोट्या प्रकाशकांना इच्छा असूनही विंडोज सोडता आले नाही. आता मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता किंवा बालू हा फॉन्ट ब्राउझर आपणहून मागवून घेतो, आणि साताऱ्यातला लेखक व न्यू जर्सीतला संपादक एकाच दस्तऐवजावर एकाच वेळी काम करू शकतात. ऑपरेटिंग सिस्टीमची ती जुनी पकड खरोखरच सुटली आहे.

पण ती सुटून कोणाच्या हाती गेली, याचे उत्तर जुलै २०२५ मध्ये मिळाले. युरोपीय संघाने रशियाशी संबंधित निर्बंधांचा नवा संच जाहीर केल्यावर, रोसनेफ्ट या रशियन तेल कंपनीचा मोठा वाटा असलेल्या नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा बंद झाल्या. गुजरातमधल्या वाडीनारला मोठा शुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या या कंपनीला आपली ईमेल आणि आपलीच माहिती पाहता यावी यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. सीडीवरून बसवलेले ऑफिस ९७ कोणालाही दुसऱ्या खंडातून असे एका रात्रीत बंद करता आले नसते. जुन्या वर्चस्वात आपण महागडे, बंदिस्त सॉफ्टवेअर विकत घेत होतो, पण घेतलेली वस्तू घरात राहत होती. नव्या वर्चस्वात वस्तूही तिकडे आहे आणि आपली कागदपत्रेही. तार जितकी वेगवान, तितके घरात काही ठेवण्याचे कारण कमी, आणि म्हणून ही पकड पूर्वीपेक्षा घट्ट होण्याचा संभव मला अधिक वाटतो.

यात तार विकणारा आणि संगणक भाड्याने देणारा एकच असला, तर प्रश्न आणखी गंभीर होतो. ट्राय या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, ही आपल्या देशाने केलेली मोलाची गोष्ट आहे. मात्र त्या नियमांतून कंपनीच्या बंदिस्त अंतर्गत नेटवर्कवरच्या सेवांना, नियम चुकवण्याचा हेतू नसेल तर, सूट आहे. कंपनीचा स्वतःचा क्लाउड संगणक तिच्याच नेटवर्कमधून घरात येतो आणि स्पर्धकाचा संगणक खुल्या इंटरनेटवरून येतो. दोघांना सारखीच वागणूक मिळते का, हे पाहण्याची वेळ आता आली आहे.

याच फायबरचा उपयोग नेमका उलट्या दिशेनेही होऊ शकतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या जुन्या एडीएसएल जोडणीत डाउनलोडच्या मानाने अपलोडचा वेग नगण्य असे. तार माहिती घेण्यासाठी आणि पाहण्यासाठी आहे, पाठवण्यासाठी नव्हे, असेच गृहीत धरलेले होते. फायबरच्या अनेक भारतीय योजनांत दोन्ही वेग सारखे असतात. रास्पबेरी पायसारखा छोटा, वीज कमी खाणारा संगणक आणि एक डिस्क घरात ठेवून त्यावर नेक्स्टक्लाउड हे स्वतःच्या साठवणुकीचे मुक्त सॉफ्टवेअर चालवले, तर कुटुंबाचे फोटो, कागदपत्रे आणि दिनदर्शिका घरातच राहतात आणि प्रवासातही हाताशी असतात. वीज गेली किंवा पावसात तार तुटली तर ती सेवा बंद पडते, हे खरे. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. पण जगभरातल्या फोटोंच्या सेवा ज्या कामासाठी महिन्याचे भाडे घेतात, त्यातले बरेचसे काम हा तळहाताएवढा डबा करू शकतो.

अडचण वेगाची नाही, पत्त्याची आहे. इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देणाऱ्या आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे सुमारे ४३० कोटी पत्ते केव्हाच अपुरे पडले असल्याने अनेक कंपन्या बऱ्याच घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. त्यामुळे घरातून बाहेर जाता येते, पण बाहेरून घरी पोहोचता येत नाही. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीने ही टंचाई संपते, आणि त्याच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. परंतु कंपनीने दिलेल्या राउटरवर बाहेरून येणारी जोडणी बहुधा अडवलेली असते आणि ती उघडण्याचा अधिकार ग्राहकाकडे असतोच असे नाही. कायमचा पत्ता हवा असल्यास वेगळे शुल्क पडते. म्हणून नवी जोडणी घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की १०० एमबीपीएस की ३०० हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा की अपलोडचा वेग किती, बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता मिळतो का, आणि आपला स्वतःचा राउटर लावता येतो का. फोनवरच्या प्रतिनिधीकडे याची उत्तरे बहुधा नसतात. ट्रायने ही तिन्ही उत्तरे प्रत्येक योजनेच्या दरपत्रकात, वेगाच्या आकड्याशेजारी, छापायला लावली पाहिजेत.