साडेसात इंचांचा खोकला

१ मेला निकाल हातात पडायचा आणि त्याच आठवड्यात आमचं शिबिर सुरू व्हायचं. सांगलीत आमच्या भागातलं मंडळ दर वर्षी नववी-दहावीच्या मुलांसाठी ते भरवायचं. शाळेच्या फाटकावर 'पत्रकारिता व आकाशवाणी कार्यशाळा' असा कापडी फलक लागायचा, पण घराघरांत त्याचं नाव 'बातम्यांचं शिबिर' असंच होतं. गणपतीच्या वर्गणीतून जे उरायचं ते मंडळ यावर खर्च करायचं. चित्रकलेचा वर्ग, आठ दिवस, सकाळी साडेसात ते अकरा, आणि सुटताना प्रत्येकाला पेलाभर ताक.

मी पहिल्यांदा गेले ते १९९१ साली, नववीची परीक्षा देऊन. पुढची कितीतरी वर्षं 'ताई' म्हणून जात राहिले. मे महिना म्हटलं की अजूनही मला त्या वर्गातला पोस्टर कलरचा वास आधी आठवतो आणि मग आंबे.

शिकवायला दोघं असायची. एक मराठीच्या बाई आणि दुसरे आकाशवाणीतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. त्यांना आम्ही नुसतं 'काका' म्हणायचो. बाई पहिल्या दिवशी फळ्यावर सहा शब्द लिहायच्या: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. बातमीचे सहा ककार. मग बाळशास्त्री जांभेकरांची गोष्ट सांगायच्या. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण'चा पहिला अंक निघाला तेव्हा ते जेमतेम विशीतले होते. एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. "तुमच्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे," असं म्हणून बाई आमच्याकडे अशा बघायच्या, की पाठ आपोआप ताठ व्हायची.

पण बाईंचं खरं शिकवणं लाल पेनात होतं. रेडिओसाठी लिहिलेल्या मजकुरात कुणी 'खालीलप्रमाणे' लिहिलं की त्या शब्दाभोवती गोल यायचा. "ऐकणाऱ्याला वर आणि खाली नसतं गं. त्याला फक्त आत्ता असतं." 'वरील', 'उपरोक्त', 'सदर' हे सगळे त्याच वाटेने गेले. '१,२४७ पोती' असं लिहिलं तर म्हणायच्या, "भाकरी थापताना बाई ऐकतीये. तिच्या लक्षात राहील असं सांग." मग ती साडेबाराशेच्या आसपास व्हायची. आज ऑफिसात रोज टिपणं लिहिताना मी 'सदर' खोडते तेव्हा ते पेन बाईंचंच असतं.

तिसऱ्या दिवशी आकाशवाणी. सांगली केंद्र १९६३ पासूनचं, म्हणजे आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरात आमच्या आधीपासून बोलत असलेलं. बाहेर चपला काढायच्या, एक जड दार, मधे बोळकांडी, पुन्हा एक जड दार. दुसरं दार लागलं की कानात काहीतरी बंद झाल्यासारखं व्हायचं. भिंतींना बारीक भोकांचे फळे, पायाखाली जाजम, दारावर लाल दिवा. तिथे टाळी वाजवली तर ती हातातच राहायची. वर्गात एकमेकांच्या उरावर बसून बोलणारी पंचवीस पोरं तिथे कुणी न सांगता गप्प व्हायची. मग एकेकाने माइकसमोर जाऊन म्हणायचं, "आकाशवाणीचं हे सांगली केंद्र आहे. २३९.८ मीटर्स म्हणजेच १२५१ किलोहर्ट्झवर…" हे कुठेही प्रसारित होणार नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. तरी हात थरथरायचे. आमच्या वर्षी एका मुलीने पुण्याहून येणाऱ्या सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांतला सुधा नरवणे यांचा सूर हुबेहूब लावला. काका म्हणाले, "छान. आता तुझा लाव." ती दुसऱ्यांदा बोलली तेव्हाचा तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. जरा घोगरा, पण तिचा.

चौथ्या दिवशी बातमी आणायला बाहेर पडायचं. माझ्या गटाला मिळालं हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. तिथली हळदीची पेवं ही सांगलीच्या बाजाराची जमिनीखालची कोठारं. वरून पाहिलं तर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. आत मात्र वीस-पंचवीस फूट खोल आणि पोट रुंद. तिथली मातीच अशी की आत ओल येत नाही, हवा खेळत नाही, त्यामुळे हळदीला कीड लागत नाही.

पेवावर आयुष्य काढलेले एक आजोबा कट्ट्यावर बसले होते. मी कॅसेट रेकॉर्डरचं लाल बटण दाबलं आणि पाठ केलेला पहिला प्रश्न विचारला. त्यांनी तो बाजूला ठेवून त्यांना हवं ते सांगितलं. "पेव उघडलं की लगी उतरायचं न्हाई. तोंड उघडं ठेवायचं. मग कंदील सोडायचा खाली. कंदील इझला की माणूस इझला म्हन." आणि मग ते खोकले. मोठा, खोल, आयुष्यभर हळदीची धूळ खाल्लेल्या छातीचा खोकला. तो संपल्यावर म्हणाले, "माझा भाऊ असाच ग्येला." पुढे मला प्रश्नच सुचेना. कॅसेट फिरत राहिली.

दुपारी काकांनी त्यातला भाग त्यांच्या स्पूलच्या, म्हणजे उघड्या चकत्यांवर फीत गुंडाळणाऱ्या, यंत्रावर उतरवला. स्पूलवर आवाज डोळ्यांना दिसतो, म्हणजे मोजता येतो. फीत सेकंदाला साडेसात इंच पळते. काका दोन्ही हातांनी चकत्या पुढे-मागे हलवत शब्दाची सुरुवात शोधायचे, पिवळ्या पेन्सिलीने खूण करायचे, ४५ अंशांच्या खाचेत फीत बसवून ब्लेडने तिरकी कापायचे आणि दोन टोकं चिकटपट्टीने सांधायचे. तिरकी अशासाठी, की जोड आल्याचं कानाला कळू नये. मी म्हटलं, "काका, खोकला काढू या." त्यांनी खुणा केल्या. साधारण साडेसात इंच. फीत माझ्या हातात देऊन म्हणाले, "कापायची तर काप. पण एकदा काढून ऐक आणि एकदा ठेवून ऐक." आधी खोकल्याचा तुकडा वगळून आम्ही ऐकलं. कंदील इझला की माणूस इझला म्हन, माझा भाऊ असाच ग्येला. दोन्ही वाक्यं चटकन एकमेकांना लागली आणि दुसरं हरवलंच. मी ब्लेड खाली ठेवलं.

सगळ्यात कडक नियम बाईंचा होता. सहाव्या दिवशी सायक्लोस्टाइलवर काढलेली आमची चार पानी पत्रिका निघाली, की ज्याच्याशी बोललो त्याच्या हातात आपण स्वतः नेऊन द्यायची. तेव्हा मला हा नियम जाचक वाटला होता. आज वाटतं, सगळ्या शिबिरात याहून मोलाचं काही नव्हतं. मी सायकल मारत हरिपूरला गेले. आजोबांनी पान नातवाकडे दिलं. त्याने मोठ्याने वाचलं. आजोबा म्हणाले, "ह्यो कोन? ह्यो मी न्हवं."

मी त्यांचं आडनाव चुकवलं होतं. एक काना आणि एक मात्रा खाल्ली होती. आमच्याकडे पवार निराळे आणि पोवार निराळे, हे सांगलीत वाढलेल्या मुलीला कुणी सांगायला नको होतं. मी कानाने अर्धवट ऐकलं आणि विचारलं नाही. आजोबा रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. मी परत आले, बाईंना सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त शाईची बाटली आणि टाक पुढे ठेवला. दोनशे प्रतींवर मी हाताने तो काना-मात्रा भरला. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर घेऊन पुन्हा हरिपूर. या वेळी त्यांनी स्वतः सांगितलं, "लाव ते." आणि स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, गाव असं सावकाश बोलले. शेवटी म्हणाले, "आता नीट लिव, पोरी." तेव्हापासून शिबिरात प्रत्येक मुलाखतीच्या आधी माणसाचं नाव त्याच्याच तोंडून टेपवर घ्यायची पद्धत पडली.

शेवटच्या संध्याकाळी आमचं केंद्र सुरू व्हायचं. प्रक्षेपक नाही, परवाना नाही. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत माइक, तिथून वायर आणि मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार कर्णे. पालक सतरंज्यांवर बसलेले, आणि आपलं पोर दिसत नाहीये, फक्त ऐकू येतंय, म्हणून सगळ्यांची तोंडं वर कर्ण्याकडे. आमच्या आईने मला गाणं म्हणताना, भाषण करताना कितीदा पाहिलं होतं, पण त्या संध्याकाळी माझा आवाज ऐकून ती रडली. कारण तिला सांगता आलं नाही, मीही विचारलं नाही.

मग २००५ चा पूर आला. कृष्णा हरिपुरात शिरली आणि पेवांत पाणी गेलं. जिथे हवाही जात नव्हती तिथे नदी बसली. हळद कुजली, कितीतरी पेवं खचली. पुढच्या मे महिन्यात शिबिर भरलं तेव्हा मुलांनीच विषय निवडला. मी माळ्यावरचा डबा काढला. कॅसेटच्या कडेला बुरशी होती, पण चालली.

आजोबा राहिले नव्हते. १९९१ साली पान वाचून दाखवणारा नातू आता दोन मुलांचा बाप होता. सहा मुलं, मी आणि तो, त्याच कट्ट्यावर बसलो. समोर खचलेल्या पेवांचे खड्डे, त्यात उगवलेलं रान. मुलीने बटण दाबलं. आधी नुसती खरखर, मग माझा बारका, पाठ केलेला प्रश्न, मग आजोबा. कंदिलाचं सांगून झालं आणि खोकला आला.

घरातून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. आजोबांची सून पदराला हात पुसत उंबऱ्यात आली. त्यांचं नाव टेपवर यायला अजून बराच अवकाश होता. तिने ते येईपर्यंत उभ्याने ऐकलं, 'आता नीट लिव, पोरी'पर्यंत. खट् करून टेप थांबला.

"परत लावा की," ती म्हणाली.

मुलगी कॅसेट पार सुरुवातीपर्यंत मागे न्यायला लागली.

"सगळं नगं बाळा. मामंजी खोकतात, तेवढंच."